घरातील सैनिकांचे स्मरण

(माजी सैनिक व वीरपत्नी यांच्या सत्कारप्रसंगी ओझर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही इतिहासकार नाही, फौजेतही गेलो नाही. बँकेत कारकुनी करतो. पण नोव्हेंबर महिना आला की आमच्या टेबलापुढे हयातीचा दाखला देण्यासाठी रांग लागते आणि त्या रांगेत फौजेची माणसे हमखास असतात. कोणी काठी टेकत येतो, पण नाव पुकारताच ताठ उभा राहतो. एखादी आजी पदराच्या गाठीतून पासबुक काढते. आता यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. आयुष्यभर निंदणी-खुरपणी करून त्या अंगठ्यावरच्या रेघा झिजलेल्या असतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. यंत्राने ओळखले नाही तर दुसरा मार्ग काढता येतो. परंतु घरच्यांनीच ओळखले नाही तर काय करावे, हा प्रश्न घेऊन आम्ही आज उभे आहोत.

आपल्या ओझरचे सैन्याशी नाते रोजचे आहे. १९६४ साली येथे विमानांचा कारखाना उभा राहिला, मिग विमाने तयार झाली. हवाई दलाचा दुरुस्ती डेपो येथे आहे. पलीकडे देवळालीला तोफखान्याचे शिक्षण दिले जाते. कारखान्यात तयार झालेले मिग-२१ विमान २०२५ साली हवाई दलातून निवृत्त झाले, तेव्हा अनेक जुन्या कामगारांचे डोळे ओले झाले. यंत्राच्या निवृत्तीने आपण हळहळतो, तर माणसांच्या सेवेची नोंद आपण ठेवायला नको काय?

आपल्या समाजाची लष्करी परंपरा सांगताना सुरुवात भीमा कोरेगावपासून होते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांच्या स्तंभावर ‘नाक’ शेवट असलेली बावीस नावे कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि त्या नावांना नवा अर्थ मिळाला. परंतु मित्रहो, त्या दोन तारखांच्या मधली शंभर वर्षे आपण विसरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने ‘लढाऊ जाती’ ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांची नावे दगडावर होती, त्यांच्या मुलांना फौजेचा दरवाजा बंद झाला. हा घाव केवळ पोटावरचा नव्हता. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेच्या सरकारपर्यंत दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली गेली. युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. गरज सरो, वैद्य मरो!

म्हणून दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी आग्रह धरला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या पहिल्या टोपीचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. आज सागर येथे केंद्र असलेल्या या रेजिमेंटमध्ये देशभरातील सर्व जातीधर्मांचे जवान आहेत. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत वीरगती मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे याच रेजिमेंटचे. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जी दारे आपल्यासाठी एकेकाळी बंद होती, ती आपण कोणासाठी बंद केली नाहीत, हे अभिमानाने सांगावे.

फौजेने पगार दिला, पण त्याहून मोठी वस्तू दिली ती अक्षराची. सुभेदार रामजी सकपाळ महू येथे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्याच महूला १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. ज्या काळात गावच्या शाळेत आपल्या मुलाला ओसरीवरसुद्धा जागा नव्हती, त्या काळात छावणीत पाटी-पेन्सिल मिळत होती. आणि दुसरी वस्तू म्हणजे शिस्त. मार्च १९२७ मध्ये महाडला पाण्याला स्पर्श केल्यावर आपल्या माणसांवर हल्ला झाला. त्या जमावात निवृत्त सैनिक होते. हात उचलणे त्यांना अवघड नव्हते. बाबासाहेबांनी शांत राहण्यास सांगितले आणि ते शांत राहिले. लढता येत असताना न लढणे ही आमच्या मते फौजेची सर्वांत अवघड परीक्षा होय.

येथे एखादा विद्यार्थी विचारील, ‘आपण बुद्धाचे अनुयायी. मग सैनिकाचा सत्कार कसा करता?’ प्रश्न योग्य आहे. वैशालीचा सिंह सेनापती भगवंतांकडे आला आणि उपासक झाला. भगवंतांनी त्याला घाई न करता नीट विचार करून निर्णय घे, असे सांगितले. तो उपासक झाला तरी सेनापतीच राहिला. दुसरीकडे राजाच्या चाकरीत असलेल्या सैनिकाला भिक्खू करून घेऊ नये असा नियमही विनयात आहे. जबाबदारी टाकून चीवर घेता येत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. आपण युद्धाचा सत्कार करीत नाही. ज्याने कर्तव्य केले आणि त्याची किंमत मोजली त्या माणसाचा करतो.

आता आमच्या घरातील गोष्ट सांगतो. ती सांगताना मान वर होत नाही, तरी सांगतो.

आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. युद्ध संपल्यावर हजारो जवान घरी पाठवले गेले, त्यात तेही आले. पेन्शन नव्हती. छावणीत एका कपातून चहा पिणारा माणूस गावात परत आला आणि त्याचा कप पुन्हा वेगळा झाला. आजोबा युद्धाविषयी बोलत नसत. फक्त रोज पहाटे अंथरुणाची घडी अशी घालीत की चार कोपरे बरोबर जुळत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक डिस्चार्ज बुक आणि दोन पदके होती. आम्ही भावंडे ती पदके घेऊन खेळलो आणि हरवली. पुढे घराचे छप्पर बदलले तेव्हा पेटी उपसली. ‘हे जुने कागद काय करायचे?’ असे वडिलांनी विचारले आणि ‘रद्दीत द्या’ असे सांगणारे आम्हीच होतो. तेव्हा आम्ही अकरावीत होतो. आजोबा जाऊन पाच वर्षे झाली होती.

नंतर कोणीतरी आजीला सांगितले की महायुद्धातील सैनिकांच्या विधवांना शासनाकडून दरमहा अनुदान मिळते. आम्ही तिला घेऊन कार्यालयात गेलो. साहेबांनी आपुलकीने विचारले, ‘बाबांचा नंबर काय? पलटण कोणती?’ आजी आमच्याकडे पाहू लागली. आम्हाला काहीच सांगता आले नाही. आजी म्हणाली, ‘नंबर त्यांना पाठ होता रे, पोरा. तुम्ही कोणी कधी विचारलाच नाही.’ ते अनुदान तिला कधी मिळाले नाही. परत येताना बसमध्ये ती एवढेच म्हणाली, ‘पैशाचं राहू दे. ते होते म्हणून तरी कुठं लिहिलेलं असायला हवं होतं.’

बंधू-भगिनींनो, नोव्हेंबरच्या रांगेत प्रत्येक आजीच्या जागी आम्हाला आमची आजी दिसते. म्हणून आज शाल आणि पुष्पगुच्छ देऊन आपण थांबू नये, अशी विनंती आहे. आपल्या विहारात एक जाड वही ठेवावी. विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन तीत सैनिकाचा नंबर, हुद्दा, पलटण, भरतीची तारीख, निवृत्तीची तारीख आणि फौजेच्या कागदावर पत्नीचे नाव कसे लिहिले आहे, या सहा गोष्टी उतरवाव्यात. हे शेवटचे फार महत्त्वाचे. कागदावर माहेरचे नाव आणि पासबुकावर सासरचे, एवढ्या फरकाने वर्षानुवर्षे पेन्शन अडलेली आम्ही पाहिली आहे. फरक असेल तर माणूस हयात असतानाच दुरुस्त करून घ्यावा. कागदांच्या झेरॉक्स काढून एक प्रत विहारात ठेवावी.

आणि एक करा. आज घरी गेल्यावर आजोबांजवळ, काकांजवळ बसा आणि त्यांना त्यांचा नंबर विचारा. पन्नास वर्षे झाली असली तरी ते तो एका दमात सांगतील. तो लिहून घ्या.

आम्ही विचारला नाही. तुम्ही विचारा.

जय भीम! जय भारत!