आईचा कागद बाळाबरोबर जाऊ द्या



 १८८६ साली कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-कक्षाचं काम डॉ. आनंदीबाई जोशींना देऊ केलं होतं. चौदाव्या वर्षी बाळंत झालेल्या आनंदीबाईंचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. पुढे अमेरिकेत त्यांनी प्रबंध लिहिला तोही प्रसूतिशास्त्रावरच. रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या गेल्या. आई आणि बाळ यांचा एकत्र विचार करायला आपण त्यांना बोलावणाऱ्या या गावी जमलो, याचं मला फार मोल वाटतं.

आपला विषय आहे प्रीएक्लॅम्प्सिया आणि त्यात आई-बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम. मला अशा एका आईचं बाळ अजून आठवतं. आईचं बीपी आवरेना म्हणून चौतिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालेलं. दुसऱ्या दिवशी त्याचे हातपाय थरथरू लागले. मी हात अलगद धरला की थरथर थांबायची, सोडला की पुन्हा सुरू. साखर तपासली, ठीक होती. कॅल्शियमचा रिपोर्ट दुपारी आला: ६.२, फारच कमी. आईला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं होतं आणि तिचंही कॅल्शियम उतरलेलं होतं. हे सगळं नीट लिहिलेलं होतं, पण आईच्या कागदावर, वरच्या मजल्यावर. बाळाच्या कागदावर फक्त वजन आणि जन्मवेळ.

पोटातल्या बाळाच्या रक्तात आईपेक्षा जास्त कॅल्शियम असतं, कारण वार ते आईकडून ओढून घेते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात सुमारे तीस ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत साठतं. नाळ कापली की पुरवठा बंद. पहिल्या दोन दिवसांत पातळी उतरतेच. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, हाडकुळ्या बाळाजवळ मात्र ती गंगाजळीच नसते. त्यात मॅग्नेशियममुळे पॅराथायरॉइडचं काम मंदावतं. म्हणून मॅग्नेशियम टाळायचं, असा अर्थ कुणी काढू नये. त्यानं झटक्यांचा धोका निम्म्यावर येतो, हे २००२ च्या मॅगपाय चाचणीनं दाखवलंय. ते द्यायचंच, आणि दिल्याचं बाळाच्या डॉक्टरला कळवायचं.

प्रीएक्लॅम्प्सियामागचा कॅल्शियमचा धागा सापडला तो ग्वाटेमालात. तिथल्या माया बायका मका चुन्यात भिजवून मग दळतात, आणि त्यांच्यात हा आजार कमी दिसतो, यावरून होसे बेलिझान आणि होसे व्हिलार यांनी १९८० साली कमी कॅल्शियमशी त्याचं नातं जोडलं. आपल्याकडे केंद्राच्या २०१४ च्या सूचनेनुसार चौदाव्या आठवड्यापासून पाचशे मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज द्यायच्या. २०२४ मध्ये बंगळुरूच्या अकरा हजार पहिलटकरणींवरचा निकाल आला: हा आजार टाळण्यात पाचशे मिलिग्रॅमचा डोस दीड ग्रॅमपेक्षा कमी पडला नाही. मला हा निकाल मोलाचा वाटतो, कारण तीन गोळ्यांचं पाकीट फडताळात पडून राहतं आणि एक गोळी जेवणाबरोबर पोटात जाते. लोहाच्या गोळीबरोबर मात्र ती घेऊ नका, हे आशाताईंनी घरोघरी सांगायला हवं. कॅल्शियमसाठीच दुपारच्या जेवणात चंदगडकडच्या नाचणीची भाकरी ठेवली आहे. ती आवर्जून घ्या, आणि परत गेल्यावर आपल्या गरोदर बायांनाही सांगा.

स्वागताध्यक्ष म्हणून माझं एकच मागणं आहे. आपल्या प्रत्येकाच्या पिशवीत एक कोरा तक्ता ठेवला आहे. त्यात चारच रकाने आहेत: आईला मॅग्नेशियम किती ग्रॅम दिलं, शेवटचा डोस किती वाजता, आईचं कॅल्शियम किती, आणि ते नीट वाचायला लागणारं अल्ब्युमिन किती. बाळ प्रसूतिगृहातून हलवण्याआधी हे चार रकाने भरा आणि तो कागद बाळाच्या दुपट्याबरोबर पाठवा. सोमवारी कामावर जाल तेव्हा पहिल्याच बाळंतपणापासून सुरुवात करा.