नव्या रायफलीशी ओळख

५० मीटरवरच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळविले, ते याच अंतरावर. तेव्हा नवी रायफल कोणी थेट स्पर्धेत नेत नाही. चूक हाताची की नळीची, हा संशय आधी फिटावा लागतो. नळी पुसून, टेकू देऊन पाच-पाच गोळ्या झाडाव्या. पहिल्या काही भरकटतात. गोळीवरचे मेण नळीत बसले, की छिद्रे जवळ येतात. अधीर माणूस नेमका याच वेळी नेमाचे स्क्रू पिळीत बसतो! मोठ्या काडतुसांच्या रायफलीत दर गोळीमागे नळी पुसावी, असे काही जाणकार सांगतात; काही त्याला निव्वळ सोवळे म्हणून हसतात.