चाकाचे गाऱ्हाणे



डहाणूहून तलासरीस जाताना, चारोटी नाक्यापुढे महामार्गावर आमच्या जुन्या पद्मिनीच्या पुढच्या चाकांकडून घुं घुं असा आवाज येऊ लागला. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनणे केव्हाच थांबले. शेजारचे स्नेही म्हणाले, "वय झाले, आवाज करणारच!" दोष असा वयावर ढकलला की तपास संपतो आणि धोका वाढतो. म्हणून आम्ही त्या आवाजासच प्रश्न विचारले.

रस्ता मोकळा पाहून क्षणभर गाडी न्यूट्रल केली. इंजिन मंदावले, आवाज तसाच. तेव्हा इंजिन सुटले. डांबर संपून काँक्रीट लागले, तरी सूर पालटला नाही. टायरवरचा संशय कमी झाला. ब्रेक दाबूनही फरक नाही. मात्र डाव्या वळणावर आवाज वाढे, उजव्या वळणावर घटे. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. संशय उजव्या बेअरिंगवर ठरला.

तलासरीस मिस्त्रींनी चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवले. ते डुलले, फिरवताच खरखरले. आत ग्रीस उरले नव्हते. ते भरण्यात हयगय आमचीच! "साहेब, असेच पुढे गेला असता, तर चाक निखळले असते," मिस्त्री म्हणाले.

घरातील वृद्धांची कुरकूरही आपण अशीच वयावर ढकलतो. तेथेही आधी विचारावे: केव्हा दुखते, कुठे दुखते, कशाने वाढते? उत्तर बहुधा गाऱ्हाण्यातच असते.