शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली चिठ्ठी

(बेंगळुरूतील इंदिरानगर इथे, स्वतःचं काम स्वतः करणाऱ्या मराठी भाषिकांच्या एका छोट्या बैठकीत केलेल्या भाषणाचा थोडा संपादित मजकूर.)



मेट्रोतून उतरून सीएमएच रोडने चालत आले. वाटेत प्रत्येक दुसऱ्या इमारतीवर कुठल्या तरी स्टार्टअपची पाटी. या भागात माझी पहिली ओळख झाली ती एका को-वर्किंगच्या जागेत, फ्रीलान्स काम करणाऱ्यांच्या एका सत्रात. तिथे सांगितलं गेलं की एकट्याने काम करताना मन खचतं, म्हणून आपल्या कामाबद्दल कुणी चांगलं बोललं की ते जपून ठेवा. एक फोल्डर करा आणि वाईट दिवशी ते उघडून वाचा. मी मनात हसले. म्हटलं, सुखवस्तू लोकांचे चोचले. आपल्याकडे चांगलं बोलतंय कोण, आणि ते फोल्डरमध्ये ठेवायचं काय?

त्या रात्री आईच्या मशीनचा ड्रॉवर आठवला.

आई कोल्हापुरात ब्लाऊज शिवायची, पिको-फॉल करायची. दुकान नव्हतं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी पायाचं मशीन. पलीकडच्या गल्लीतल्या बायका कापड घेऊन यायच्या आणि उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून द्यायच्या. सोबत मापाचा जुना ब्लाऊज. तसा मापाचा ब्लाऊज सगळेच देतात, त्यात काही वावगं नाही. पण आमच्याच गल्लीतल्या बायका आत बसून टेपने माप द्यायच्या आणि या कधीच द्यायच्या नाहीत, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. शिवलेलं आवडलं तरी तोंडाने कुणी म्हणायचं नाही. दोन महिन्यांनी पुढचं कापड आलं की समजायचं, आवडलं होतं.

फक्त एका शिक्षिकेने एकदा कापडासोबत चिठ्ठी पाठवली होती. गळा छान बसला, लग्नाचे आणखी तीन शिवायचे आहेत, एवढंच. आईने ती चिठ्ठी ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या डबीखाली ठेवली. मी विचारलं, कशाला ठेवलीस? म्हणाली, “असू दे. कधी कधी बरं वाटतं.” पण ती चिठ्ठी नुसती बरं वाटायला नव्हती. नवीन गिऱ्हाईक शिलाईवरून फार घासाघीस करायला लागलं की ड्रॉवर उघडायचा आणि चिठ्ठी बाहेर यायची. बाईंचं नाव वाचून घासाघीस थांबायची.

म्हणजे को-वर्किंगवाल्यांच्या आधी आमच्या घरी ही पद्धत होतीच. फरक इतकाच की आईच्या चिठ्ठीला दोन कामं होती. धीर देणं हे एक. दुसरं, भाव टिकवणं.

कोल्हापूरचा विषय निघालाय तर गंगाराम कांबळेंबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तुमच्यातल्या अनेकांना ही गोष्ट पाठ असेल, पण ती आपण नेहमी राजर्षी शाहूंच्या बाजूने सांगतो. आज गंगारामांच्या बाजूने बघू. संस्थानच्या नोकरीत असताना पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल सुरू झालं. भांडवल होतं, जागा होती, चहाही चांगला असणार. पण गिऱ्हाईक येईना, कारण चहा कुणाच्या हातचा आहे हे गावाला ठाऊक होतं. मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला इथे तीन गोष्टी दिसतात. कौतुक भर रस्त्यात झालं, कानात नाही. ते करणाऱ्याने स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावली. आणि कौतुकाच्या आधी पैसे दिले. शाहूंनी 1920 मध्ये ‘मूकनायक’साठी 2500 रुपये दिले तेव्हाही हेच केलं. त्याच वर्षी 21 आणि 22 मार्चच्या माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांना पुढारी म्हणून जाहीरपणे मान दिला. शाब्बासकी आणि रक्कम त्यांनी वेगळी ठेवली नाही.

याच काळातला दुसरा प्रसंग बरोबर उलटा आहे. नोव्हेंबर 1918 मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्यानं इतकी चांगली व्हायची की दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी येऊन बसायचे. आणि त्याच कॉलेजात काही सहकाऱ्यांनी प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्याला हरकत घेतली. त्याच्या आधी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी काढून पाहिला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक थांबलं. 1923 मध्ये वकिली सुरू केली तेव्हा सॉलिसिटर त्यांच्याकडे खटले द्यायला बिचकत. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. त्यामुळे ‘काम चांगलं करा, नाव आपोआप होईल’ असं कुणी मला सांगितलं की मी फक्त मान हलवते.

आता माझं सांगते. पीएचडी हेसुद्धा एकट्याचंच काम आहे. फेलोशिप कधी कधी महिनोन्‌महिने येत नाही. त्या काळात मी संशोधकांच्या मराठी मुलाखती उतरवून देते, भाषांतरं करते. गेल्या वर्षी पावसाळ्यात एक प्रकरण तिसऱ्यांदा परत आलं, खात्यात काही नव्हतं, आणि मी आठवडाभर खोलीचं दार उघडलं नाही. तेव्हा लॅपटॉपवर एक फोल्डर केलं. नाव ठेवलं ‘ड्रॉवर’. जुने मेल आणि मेसेज शोधून त्यात टाकायला बसले.

आणि अडकले. सापडलेल्या कौतुकातलं बरंचसं असं होतं: “तुमचं मराठी किती शुद्ध आहे, वाटत नाही.” “तुमच्या पार्श्वभूमीच्या मानाने फारच छान लिहिता.” एका क्लायंटने तर आडनाव कळल्यानंतरच्या मेलमध्ये मला ‘प्रेरणादायी’ म्हटलं होतं. त्याआधीच्या मेलमध्ये मी नुसती ‘अचूक’ होते. आता हे ड्रॉवरमध्ये ठेवायचं का? वाईट दिवशी उघडून वाचायचं ते हे?

मी दोन दिवस विचार केला. आपल्यातल्या अनेकांची सवय अशी की असलं वाक्यसुद्धा आपण उपाशी माणसासारखं गिळतो, कारण दुसरं काही येत नाही. ‘वाटत नाही’ या दोन शब्दांत आपल्या आईबापांचा अपमान आहे, हे नंतर घरी बसून कळतं. शेवटी मी ती वाक्यं काढून टाकली नाहीत. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. तो माझ्या संशोधनाचा माल आहे. ड्रॉवरमध्ये फक्त कामाबद्दलचं ठेवलं: कुठला परिच्छेद चांगला उतरला, कुठली चूक मी पकडली, कुणाची मुदत वाचली. यादी खूपच लहान झाली, पण त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे.

मग दुसरी गंमत केली. प्रत्येक कौतुकाशेजारी लिहिलं: बिल कधी दिलं, पैसे कधी आले. तुम्हीही करून बघा. माझ्या यादीत सर्वांत गोड बोलणाऱ्या माणसाने सर्वांत उशिरा पैसे दिले होते. ज्या बाईंनी एका ओळीत ‘काम ठीक आहे, पुढचं पाठवते’ असं लिहिलं होतं, त्यांचे पैसे तिसऱ्या दिवशी आले होते. माझ्या आईच्या हिशेबात हीच बाई पहिली.

माझी मावसबहीण इथेच जवळ, कोडिहळ्ळीत राहते. ब्यूटिशियन आहे. आधी एका अ‍ॅपवरून कामं घ्यायची. घरोघर जायचं, मग गिऱ्हाईक तारे देणार. तिला शेकडो जणींनी पाच तारे दिले होते. मग तिने स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं आणि अ‍ॅप सोडलं. दुसऱ्या दिवशी खातं बंद, तारे गेले, बायकांनी लिहिलेली वाक्यंही गेली. तीन वर्षांची मेहनत, आणि दाखवायला हातात काही नाही. राजस्थानने 2023 मध्ये आणि कर्नाटकाने 2025 मध्ये गिग कामगारांसाठी कायदे केले, ते चांगलंच आहे. पण मिळवलेलं नाव कामगाराच्या मालकीचं आहे हे अजून मान्य व्हायचं आहे. तोवर स्क्रीनशॉट काढा. तारीख दिसेल असा काढा, आणि गिऱ्हाइकाचा नंबर झाकून. दुसऱ्याचं खासगीपण आपणच चव्हाट्यावर मांडायला नको.

तिला मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी गंगाराम कांबळेंकडून शिकले. नुसतं जपू नका, मागा. काम आवडलं असेल तर दोन ओळी लिहून द्या, तुमच्या नावाने, जिथे इतरांना दिसतील तिथे. सवर्ण मित्रमैत्रिणी मला फोनवर म्हणतात की तुझा लेख अप्रतिम होता. मी आता सरळ सांगते, हेच त्या सेमिनारमध्ये सर्वांसमोर म्हण. काही म्हणतात, काही विषय बदलतात. कोण काय करतं हेही मी नोंदवून ठेवते. आणि आपण एकमेकांचं? आपल्यातला कुणी चांगलं काम करतो तेव्हा आपण किती वेळा लिहून देतो? आपण चुका दाखवण्यात तरबेज आहोत, मी तर विशेष.

मागच्या महिन्यात घरी गेले होते. मशीनला आता मोटर बसवली आहे, आईचे गुडघे दुखतात. ड्रॉवर उघडून चिठ्ठी बघितली, शाई फिकी झाली आहे. म्हटलं, फोटो काढून ठेवू? आई म्हणाली, “काढ. पण कागद तिथंच ठेव. परवाच एक बाई दीडशेत ब्लाऊज शिवून मागत होती.”

जय भीम. चहा आलाय, प्रश्न चहा घेता घेता विचारा.