हातोडा आणि कान



मैफल संपली की वादकाचे नाव आपल्या ओठांवर असते. ते वाद्य कोणी घडवले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मिरजेच्या सतारमेकर घराण्याने आपला व्यवसाय आडनावातच गुंफून ठेवला, म्हणून ते नाव तरी आपल्या परिचयाचे झाले. एरवी तंबोऱ्याचा भोपळा कोरणारा, तबल्याला शाई भरणारा, घट भाजणारा कुंभार हे सारे पडद्याआडच राहतात. आज मी अशाच एका कारागिराविषयी बोलणार आहे. त्याचे वाद्य अगदी नवे आहे. त्याचा जन्म होऊन अजून पुरती तीस वर्षेही झालेली नाहीत. त्याचे नाव हँडपॅन.

ज्यांनी हे वाद्य पाहिले नसेल त्यांच्यासाठी प्रथम त्याचे रूप सांगते. पोलादी पत्र्याच्या दोन उथळ कढया घ्याव्यात, एकीवर दुसरी पालथी घालावी आणि त्यांचे काठ जोडून टाकावेत. जो आकार होईल तोच हँडपॅनचा. व्यास सुमारे अर्धा मीटर, वजन चार-पाच किलो. वरच्या बाजूस मधोमध एक उंचवटा असतो. त्याच्याभोवती सात, आठ किंवा त्याहून अधिक लंबगोल जागा घडवलेल्या असतात आणि प्रत्येक जागेचा सूर ठरलेला असतो. खालच्या बाजूस हवेसाठी एक गोल तोंड असते. वादक हे वाद्य मांडीवर घेतो आणि बोटांनी हलकेच वाजवतो. घंटेची आस आणि घटाचा घुमारा एकत्र यावा, तसा त्याचा नाद असतो.

घटाची आठवण होते ती उगीच नव्हे. स्वित्झर्लंडमधील बर्न या शहरी फेलिक्स रोनर आणि सबिना शेरर हे दोघे स्टीलपॅन घडवीत असत. स्टीलपॅन हे मूळचे त्रिनिदाद बेटाचे वाद्य. ब्रिटिश अमलात, एकोणिसाव्या शतकात, तेथील गोरगरिबांच्या ढोलांवर निर्बंध आले. लोकांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेलाची रिकामी पिंपे ठोकून त्यांतून सूर काढले. १९५१ साली त्या बेटावरील वादकांचे एक पथक लंडनच्या मोठ्या महोत्सवात वाजवून आले आणि १९९२ साली स्टीलपॅन हे त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य ठरले. ही विद्या जाणणाऱ्या बर्नच्या कारागिरांजवळ रेटो वेबर या तालवादकाने एक इच्छा बोलून दाखवली: हाताने वाजणाऱ्या घटासारख्या वाद्यात सूरही असावेत. त्यातून २००० साली हे वाद्य जन्मले आणि २००१ साली फ्रँकफुर्टच्या संगीत-प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. त्याच्या निर्मात्यांनी त्याला ‘हांग’ म्हटले. बर्नच्या बोलीत हांग म्हणजे हात. ‘हँडपॅन’ हे नाव मागाहून, २००७ साली, अमेरिकेतील कारागिरांनी रूढ केले.

हांगला मागणी इतकी आली की ती पुरवणे अशक्य झाले. लोकांनी हस्ताक्षरात पत्र लिहावे, बोलावणे आल्यावर बर्नला जावे आणि वाद्य घेऊन यावे, अशी रीत पडली. दुसरा कोणी असता तर त्याने कारखाना काढला असता. या दोघांनी २०१३ साली हांग घडवणेच थांबवले आणि आपले लक्ष दुसऱ्या वाद्यांकडे वळवले. परंतु तोवर अनेक देशांत एकेकट्याने, आपापल्या खोलीत किंवा पडवीत, हे वाद्य घडवू पाहणारे कारागीर उभे राहिले होते. आपल्या देशातही आता असे काही कारागीर आहेत.

त्यांचे काम कसे चालते? सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याला आधी कढईचा आकार द्यावा लागतो. काही जण हे काम हातोड्यानेच करतात, काही यंत्राने दाबून घेतलेला पत्रा वापरतात. पुष्कळदा हा पत्रा भट्टीत अमोनिया वायूच्या संगतीत पाचशे-सहाशे अंशांवर तापवतात. त्यामुळे त्याच्या पृष्ठभागात नायट्रोजन शिरतो, पोलाद कठीण होते आणि लवकर गंजत नाही. मग सुरांच्या जागा आखून त्या ठोकून घडवायच्या, सारे पुन्हा तापवून पत्र्यातील ताण निवळू द्यायचा आणि मग सूर लावायला बसायचे. येथपर्यंतची कामे धीराने शिकता येतात. खरी परीक्षा पुढेच असते.

शाळेत मी मुलांना पोलादी पट्टी टेबलाच्या काठावर दाबून वाजवून दाखवते. बाहेर आलेला भाग लांब असला तर सूर खाली जातो, आखूड केला तर वर चढतो. हँडपॅनमध्ये असे काही लांब-आखूड करता येत नाही. पत्र्याचा बाक आणि त्यातील ताण, एवढेच काय ते हाताशी असते आणि ते बदलायला साधन एकच, हातोडा. शिवाय प्रत्येक जागेतून एक नव्हे, तीन सूर एकदम जुळवून घ्यावे लागतात. मूळ सूर सेकंदास २२० कंपनांचा असेल, तर त्याबरोबर ४४० कंपनांचा वरच्या सप्तकातील तोच सूर आणि ६६० कंपनांचा त्याचा पंचम उमटला पाहिजे. लंबगोलाच्या लांबीच्या दिशेने पहिला जोडसूर सांभाळायचा, रुंदीच्या दिशेने दुसरा. एक जागा सुरात आली की शेजारची बिघडते, कारण पत्रा सलग असतो. म्हणून ठोकायचे, ऐकायचे, काही दिवस तसेच ठेवायचे आणि पुन्हा ठोकायचे, असा क्रम चालतो.

सूर लागले की ते कायमचे. सर्वाधिक दिसणाऱ्या एका प्रकारास ‘डी कुर्द’ म्हणतात. त्याच्या मधल्या उंचवट्याला षड्ज मानले तर गंधार, धैवत आणि निषाद कोमल लागतात. म्हणजे आपल्या आसावरी थाटाचेच सूर झाले. तोच षड्ज ठेवून त्यावर बिलावल वाजवता येणार नाही, आणि मींड तर नाहीच नाही. वादकाने कोणते सूर वाजवावेत, हे पुष्कळ अंशी कारागिराने आधीच ठरवलेले असते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांचे पाऊल पडले असेल, त्यांना धातूवरील हातोड्याचा आवाज ठाऊक आहे. बंद खोलीत पत्रा ठोकताना हा आवाज शंभर डेसिबलच्या पलीकडे सहज जातो. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज रोज आठ तास कानावर पडत राहिला तर ऐकणे बिघडू लागते, असे तज्ज्ञ मानतात. कानाच्या आतील शंखाकृती भागात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. झीज सहसा चार हजार कंपनांच्या आसपासच्या बारीक आवाजांपासून सुरू होते, म्हणून बोलणे नीट ऐकू येत असताना माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. तांबटाचा कान मंदावला तर त्याच्या संसाराचे नुकसान होते, पण घंघाळ घंघाळच राहते. या कारागिराचे तसे नाही. ज्या हातोड्याने तो सूर घडवतो तोच हातोडा त्याचा सूर ओळखणारा कान झिजवीत असतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. येथे घाव घालणाऱ्यालाही घाव सोसावा लागतो.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. शहाणा कारागीर कानात बोळे घालतो, वर झाकणे चढवतो, ऐकण्यापुरते ती काढतो, खोलीच्या भिंतींना आवाज शोषणारे अस्तर लावतो. सूर मोजणारे यंत्रही मदतीला असते. परंतु कंपनांचा आकडा बरोबर आला तरी नाद मोकळा की गुदमरलेला, हे शेवटी कानच सांगतो. सर्वांत मोठा उपाय म्हणजे थांबणे. दिवसाचे ठराविक तासच ठोकायचे आणि कान थकला की हातोडा खाली ठेवायचा. आणि नेमके हेच त्याला परवडत नाही. ग्राहक घाई करतात, बाजारात स्वस्त माल येतो, घरभाडे चुकत नाही. त्यात या आकारावर हक्क कोणाचा, हा वादही बर्नच्या न्यायालयापर्यंत गेलेला आहे. म्हणजे एकट्या माणसाला चिंतेचे आणखी एक कारण.

अशा कारागिराने महिन्याकाठी मोजकीच वाद्ये दिली, किंमत चढी सांगितली, पुढच्या वर्षी या म्हटले, तर आपण त्याला चटकन मिजासखोर ठरवतो. मला वाटते, त्या किमतीत त्याच्या न ठोकलेल्या तासांचाही हिशेब धरला पाहिजे. पेटीचे सूर लावणारा असो, घटाची माती थापटणारा असो किंवा हा पोलाद ठोकणारा असो, ज्याचे भांडवल त्याच्या देहात आहे त्याला विसावा हा धंद्याचाच खर्च आहे.

पुढे कधी हे वाद्य आपल्या कानावर पडले, तर वादकाला दाद द्याच. पण जमल्यास त्याला एवढे विचारा, की हे घडवले कोणी? आणि स्वतःसाठी एखादे वाद्य घडवून घ्यायची वेळ आली, तर कारागिराकडे दर ठरवताना जितका वेळ घालवाल, तितकाच वेळ त्याला कामासाठी अधिक द्या.