माझा छंद : जुन्या मालमोटारी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



'छंद आणि शिक्षण' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी मुख्याध्यापकांची आज्ञा झाली. शिक्षकाचा छंद म्हटला की वाचन, तिकिटे जमविणे किंवा फार तर बागकाम, अशी आपली समजूत असते. माझा छंद निराळा आहे. मला जुन्या अवजड मालमोटारींचा नाद आहे. रविवारी सकाळी मी वर्गातील फळा विसरतो आणि गावाबाहेर हमरस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसतो. त्या शेडमध्ये माझ्या अब्बांनी आयुष्यभर मिस्त्रीकाम केले. आज हात थकले असले तरी त्यांचा कान शाबूत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, रस्त्याने जाणाऱ्या मालमोटारीकडे आपण धूळ उडविणारी वस्तू म्हणून पाहतो. परंतु तिच्यातही इतिहास आहे. टेल्को ही कंपनी १९४५ साली जमशेदपूर येथे आगगाडीची इंजिने बनविण्यासाठी निघाली. १९५४ साली तिने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार केला आणि टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटारी आपल्या रस्त्यांवर आल्या. १९६९ साली हा करार संपला, तेव्हा गाडीच्या नाकावरील तीन टोकांची चांदणी जाऊन तेथे टाटांची खूण आली. तिकडे मद्रासला १९४८ साली निघालेली अशोक मोटर्स १९५५ साली अशोक लेलँड झाली. लेलँड हे इंग्लंडमधील एका गावाचे नाव. त्या गावात आज जुन्या मालमोटारींचे आणि बसगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि हौशी मंडळी तेथे आपल्या जुन्या गाड्या घेऊन येतात. आपल्या मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनी डॉज आणि फार्गो या नावांच्या मालमोटारी बनवीत असे.

गाडीवरील आकड्यांनाही अर्थ असतो. टाटाची '१२१०' म्हणजे काय? पहिले दोन आकडे भरल्या गाडीचे वजन सांगतात, सुमारे १२ टन. पुढच्या दोन आकड्यांची दहापट केली की इंजिनाची ताकद येते, सुमारे १०० अश्वशक्ती. अब्बांना इंग्रजीचे एक अक्षर येत नाही, पण हे गणित मला त्यांनी शिकविले, आणि तेही मी चौथीत असताना.

आता या गाड्या जपायच्या कशा, ते थोडक्यात सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड तापते, हे तुम्ही अनुभवले आहे. तोच हा नियम. इंजिनात हवा सोळा ते वीस पटींनी दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की, आत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. हे जळण नीट झाले की नाही, ते धूर सांगतो. काळा धूर आला तर डिझेल जास्त जाते किंवा हवा कमी पडते. तेव्हा आधी हवेची जाळी साफ करावी, नंतर नोझलकडे पाहावे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, रिंगा झिजल्या असतील. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबेना, तर हेडच्या गॅस्केटमधून पाणी आत जाते की काय, असा संशय घ्यावा. डॉक्टर जीभ पाहतात, तसा मिस्त्री धूर पाहतो.

डिझेल एकदा पूर्ण संपले की टाकी भरूनही गाडी चालू होत नाही, कारण नळीत हवा धरते. मग फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारीत बसावे लागते. बुडबुडे थांबून नितळ धार लागली की स्क्रू आवळायचा. किंगपिनला, पाट्यांच्या पिनांना आणि प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांना वेळेवर ग्रीस द्यायचे. चाक बदलले तर थोडे अंतर चालवून नट पुन्हा आवळायचे. यात अवघड असे काहीच नाही. अवघड आहे ते रोज न कंटाळता करणे. मित्रांनो, अभ्यासाचेही असेच आहे.

आमच्या शेडमधील रविवारची बैठक हा एक स्वतंत्र आनंद आहे. तेथे निवृत्त ड्रायव्हर येतात, लेथवाले येतात, पाटे बसविणारे येतात. उसाच्या हंगामात गाड्या चालविणारे एक चाचा तर न चुकता हजर असतात. चहा येतो आणि गोष्टी सुरू होतात. परंतु या बैठकीचा एक दंडक आहे. गोष्ट कितीही रंगली तरी शेवटी कोणीतरी विचारतो, "मग दोष कोठे होता?" त्याचे उत्तर देता आले नाही, तर ती गोष्ट धरली जात नाही.

एकाने सांगितले की, रात्री कुंभार्ली घाटात त्याची डिझेलची टाकी दगड लागून पाझरू लागली. त्याने कपडे धुण्याच्या साबणाची वडी भेगेवर घासून घासून भरली आणि पाटणपर्यंत गाडी आणली. साबण पाण्यात विरघळतो, पण डिझेलमध्ये विरघळत नाही. रसायनशास्त्राचा हा पाठ त्याला कोणत्या शाळेत मिळाला? दुसऱ्याने खंबाटकीची गोष्ट सांगितली. भरल्या गाडीने उतरताना वेळ वाचावा म्हणून तो वरच्या गिअरमध्ये राहिला आणि सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरू लागला. ड्रम तापले, लायनिंग धुरावले, आणि पुढे पुढे पाय दाबूनही गाडी धरेना. नशिबाने डोंगराच्या बाजूला गाडी घासून थांबली. "दोष कोठे होता?" सर्वांनी विचारले. तो म्हणाला, "दोष माझ्या घाईत होता. ज्या गिअरने घाट चढतो, त्याच गिअरने उतरायचा, हे उस्तादाने सांगितले होते." स्वतःची चूक चारचौघांत इतक्या सरळपणे सांगणारी माणसे मी शिक्षकांच्या खोलीतही फार पाहिली नाहीत. माझे सहकारी मला क्षमा करतील.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. दोष कोठे होता, तेही सांगतो.

मी नववीत होतो. वर्गातील मुलांनी विचारले की मी सांगत असे, "माझ्या वडिलांचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे." पालकसभेची सूचना मी दोनदा घरी दिलीच नाही. अब्बांची नखे कायमची काळी, अंगाला डिझेलचा वास. हे वर्गशिक्षकांनी पाहू नये असे मला वाटे.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत वीटभट्टीची एक जुनी फार्गो शेडमध्ये आली. मागचे डावे चाक काढायचे होते. मी हुशारी दाखविण्यासाठी पाना घेतला. नट डावीकडे फिरविला की सुटतो, हे कोणाला ठाऊक नसते? नट हलेना. मी पान्यात लोखंडी नळी घातली आणि तिच्यावर उभा राहिलो. कडकन आवाज झाला आणि स्टड तुटला. मी दुसरा नट धरला. तोही तुटला.

अब्बा गाडीखालून बाहेर आले. मला वाटले, आता थप्पड बसणार. त्यांनी फडक्याने शेजारच्या स्टडचे टोक पुसले आणि म्हणाले, "काय लिहिलंय, वाच." त्यावर 'एल' हे इंग्रजी अक्षर कोरलेले होते. मी वाचून दाखविले. ते म्हणाले, "डाव्या चाकाचे आटे उलटे आहेत. तू सोडत नव्हतास, आवळत होतास. हे अक्षर तुला वाचता येतं, मला येत नाही. पण त्याचा अर्थ मला ठाऊक आहे." एवढे बोलून ते तुटके स्टड काढावयास बसले. दोन स्टडांचे पैसे त्यांनी आपल्या मजुरीतून वळते केले. पुढच्या पालकसभेची सूचना मी त्यांच्या हातात दिली. ते आले, काळ्या नखांनिशी आले, आणि वर्गशिक्षकांनी त्यांना खुर्ची दिली.

दोष नटात नव्हता, स्टडमध्येही नव्हता. तो माझ्यात होता.

पालकहो, ही गोष्ट येथेच संपली असती तर मी ती आपल्यापुढे आणली नसती. काळाने तिला दुसरी बाजू जोडली आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ प्रतीच्या गाड्याच विकल्या जातात. त्यांच्या इंजिनाचा कारभार संगणक पाहतो. दिवा लागतो आणि दोष आकड्यांत कळतो. अशी एक गाडी अब्बांच्या शेडसमोर उभी राहिली. त्यांनी नेहमीप्रमाणे कान लावला, धूर पाहिला. धूर नव्हताच. ड्रायव्हर नम्रपणे म्हणाला, "उस्ताद, हे तुमचं काम नव्हे," आणि गाडी घेऊन गेला. त्या संध्याकाळी अब्बा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी इंग्रजी माहितीपुस्तक मिळविले आणि त्यांच्यापुढे वाचावयास बसलो. मी शब्द वाचीत होतो, ते मला त्यांचा अर्थ सांगत होते. डिझेल किती दाबाने फवारायचे, हवा कोठे अडते, हे सारे त्यांना आधीच ठाऊक होते. फक्त ते आता अक्षरांत आणि आकड्यांत लिहिले गेले होते. मजजवळ अक्षर होते, त्यांच्याजवळ अर्थ. दोघांपैकी एकटा कोणीही ते पुस्तक समजू शकला नसता.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. आपल्या वस्तीतील काही मुले आठवी-नववीतून शाळा सोडून गॅरेजात जातात. घरची अडचण मी जाणतो, त्यांना दोष देत नाही. परंतु त्यांना दहावीपर्यंत तरी थांबवा. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पुढे पाना धरणाऱ्या हाताला वाचताही आले पाहिजे, नाहीतर गाडी समोर उभी राहील आणि निघून जाईल.

दुसरी मागणी विद्यार्थ्यांकडे. तुमच्यापैकी कोणाचे वडील मिस्त्री असतील, कोणाचे ड्रायव्हर, कोणाचे वेल्डर. एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्या कामावर जा. वही न्या. त्यांना जे ठाऊक आहे ते विचारा आणि लिहून घ्या. जुन्या गाड्या भंगारात जातील, ते अटळ आहे. त्या गाड्यांबरोबर ही विद्याही भंगारात जाऊ नये.

आणि पालकसभेची सूचना घरी द्या.