कोठडीतल्या परक्याचा वकील



मी वकील नाही. शाळा सातवीत सुटली. कायदा शिकलो तो युनियनच्या कचेरीत, कामगारांच्या खटल्यांपायी. तरी आज बोलणार आहे ते वकिलाच्याच एका कामाविषयी. पोटासाठी परमुलखातून आलेला मनुष्य ‘तू या देशाचा नव्हेस’ म्हणून कोठडीत पडतो, तेव्हा फी न घेता त्याच्या बाजूने उभे राहण्याचे हे काम आहे.

आपल्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. आपले खानापूर-आटपाडीचे गलाईवाले देशभर सोने-चांदी गाळीत बसले आहेत. साताऱ्याचे तरुण मुंबईच्या बाजारात पोती वाहत होते. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. परमुलखात दारी पोलीस आला म्हणजे जीभ कशी टाळ्याला चिकटते, हे ठाऊक असलेली घरे या सभेतही असतील.

काही वर्षांपूर्वी एका बांधकामावरचे सहा बंगाली गवंडी पोलिसांनी नेले. रात्री मला निरोप आला. एका तरुण वकीलबाईंना घेऊन मी ठाण्यावर गेलो. “अटक नाही, नुसती चौकशी आहे,” असे उत्तर मिळाले. बाई शांतपणे म्हणाल्या, “मग त्यांना घरी जाऊ द्या. अटक असेल तर नोंद दाखवा, आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा.” मोठे भाषण काही नाही. राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमात आहे तेवढेच त्या बोलल्या.

खरे काम पुढेच होते. परकीय नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याने, आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच माणसावर टाकला होता. २०२५ च्या नव्या कायद्यातही तो त्याच्यावरच आहे. कोठडीतला मनुष्य कागद आणणार कोठून? म्हणून बाई पहाटेपर्यंत मुर्शिदाबादच्या खेड्यांत फोन करीत होत्या. शाळेचा दाखला, मतदारयादी, बापाच्या जमिनीचा उतारा मागवीत होत्या. पाच जण सुटले. सहाव्याचे घर गंगेने कापून नेले होते, कागदांसकट. पुरात घरातले कागद कसे जातात, हे २०१९ च्या महापुरानंतर सांगलीला सांगावयास नको. तो अकरा दिवसांनी सुटला, गावी गेला, आणि पुन्हा आला नाही.

त्या रात्री बाईंनी मला विचारले, “तुमच्या वहीत यांची नावे आहेत का?” नव्हती. दोन वर्षांपूर्वी हेच लोक सभासद होण्यास माझ्याकडे आले होते. हे मजुरी पाडतात, म्हणून मी त्यांना परत पाठविले होते. परप्रांतीय मजुराला छायाचित्राचे पासबुक द्यावे, असे १९७९ च्या कायद्याने ठेकेदारावर बंधन होते. ते दिले गेले नाही, आणि मीही मागितले नाही. माझ्या वहीतल्या एका ओळीने कोणी भारतीय ठरला नसता, हे खरे. पण हा मनुष्य येथे उघडपणे राबत होता, एवढी साक्ष तरी तिने दिली असती.

खरोखरच कोणी घुसखोर असेल तर? वकील त्याला नागरिक ठरवीत नाही. निवाडा चौकशीने व्हावा, एवढेच तो म्हणतो. एकविसावे कलम ‘व्यक्ती’ म्हणते, ‘नागरिक’ म्हणत नाही. घाई केल्यास काय होते, ते जून २०२५ मध्ये दिसले. महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशाच्या हद्दीत ढकलून दिले गेले, आणि ते आपलेच निघाल्यावर परत आणावे लागले. आसामातल्या एका माणसाला २०१२ साली परका ठरविले होते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भारतीयच असल्याचे सांगितले. ते ऐकावयास तो जिवंत नव्हता.

जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे. कोठडीतल्या माणसाला तेथून मोफत वकील मिळतो. पण त्याचा निरोप तेथे कोणीतरी पोचवावा लागतो. तुमच्या शेजारच्या बांधकामावरून उद्या कोणाला नेले, तर तेवढा निरोप पोचवा. मी माझ्या वहीत नावे लिहावयास आरंभ केला आहे. उशिरा केला, एवढे कबूल करतो आणि आपली रजा घेतो.